शेक्सपिअरची नाटकं लिहिली कोणी?

शेक्सपिअरवर बोलायला उभं राहिलं की शेवटी एक हात हमखास वर होतो. प्रश्न ठरलेला असतो: "ती नाटकं त्यानं लिहिलीच नव्हती म्हणतात, ते खरं का?" विचारणारी कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी 'नटसम्राट' पाहताना 'किंग लिअर' आठवणारे आजोबा. प्रश्नात कुतूहल असतं, आणि थोडी धास्तीही असते. ज्या माणसाचं 'हॅम्लेट' आगरकरांनी १८८३ साली 'विकारविलसित' या नावानं मराठीत आणलं, ज्याचा 'ऑथेल्लो' देवलांनी 'झुंझारराव' केला आणि 'मॅकबेथ' शिरवाडकरांनी 'राजमुकुट' केला, तो माणूस मुळात लेखकच नव्हता असं निघालं तर?

उत्तर आधीच सांगून टाकतो. स्ट्रॅटफर्ड गावच्या विल्यम शेक्सपिअरनंच ती नाटकं लिहिली. पण सगळी एकट्यानं लिहिली नाहीत. मला स्वतःला यातलं दुसरं विधान अधिक मोलाचं वाटतं. मात्र त्याच्यापर्यंत जायचं तर वाट पहिल्यातूनच जाते.

१. खटकतं ते काय?

शेक्सपिअरच्या आयुष्याचे कागद आहेत, पण ते कोरडे आहेत. २६ एप्रिल १५६४ रोजी स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील हातमोजे बनवणारे. पुढे ते गावच्या कारभारात वरच्या पदापर्यंत गेले. १५८२ मध्ये लग्न, मग एक मुलगी, मग जुळी. त्यातला मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी गेला. जमीनजुमल्याचे व्यवहार, कोर्टातली किरकोळ प्रकरणं, १६१६ मध्ये मृत्यू. मृत्युपत्रात बायकोला दुसऱ्या क्रमांकाचा पलंग दिला आहे, पुस्तकांचा उल्लेख नाही. त्याच्या हातच्या निर्विवाद म्हणाव्यात अशा फक्त सहा सह्या उरल्या आहेत, आणि त्यांत नावाचं स्पेलिंगही एकसारखं नाही. पूर्ण नाटकाचं हस्तलिखित नाही, घरी लिहिलेलं पत्र नाही, शाळेचा दाखला नाही.

एकीकडे हा कोरडा माणूस आणि दुसरीकडे राजे, कायदे, इटलीतली शहरं, बहिरी ससाण्यांची शिकार आणि मनाचे सगळे कप्पे जाणणारी नाटकं. ही फट पाहून मन अस्वस्थ होतं, हे मी समजू शकतो. पण एक तारीख लक्षात ठेवा. शेक्सपिअरच्या हयातीत ही शंका कोणी उघडपणे घेतल्याचा पुरावा नाही, आणि मृत्यूनंतर दोन शतकं उलटली तरी तिनं जोर धरलेला नव्हता. ती खऱ्या अर्थानं पेटली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर.

पेटवणाऱ्यांत सर्वांत करुण कहाणी डेलिया बेकन या अमेरिकी बाईंची आहे. शिक्षिका आणि व्याख्यात्या म्हणून त्यांनी नाव कमावलं होतं. फ्रान्सिस बेकन या तत्त्वज्ञाच्या पुढाकारानं काही मोठ्या माणसांनी मिळून ही नाटकं लिहिली, राजसत्तेविरुद्धचे विचार त्यांत दडवले आणि नाव मात्र एका नटाचं लावलं, अशी त्यांची खात्री झाली. आडनाव एकच असलं तरी बेकनशी त्यांचं नातं नव्हतं. पुराव्याच्या शोधात त्या इंग्लंडला गेल्या. १८५६ मध्ये एका रात्री कंदील घेऊन स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये शेक्सपिअरच्या थडग्यापाशी बसून राहिल्या. फरशी उचलावी की नाही या घालमेलीत रात्र सरली आणि त्या तशाच परतल्या. १८५७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, कादंबरीकार हॉथॉर्नच्या प्रस्तावनेसह. ते फारसं कोणी वाचलं नाही. पुढच्या दोन वर्षांत त्यांचं मन ढळलं आणि १८५९ मध्ये त्या वारल्या. त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं मी मानतो. पण नाटकांत राजकीय विचार शोधण्याची त्यांची नजर काळाच्या पुढची होती, हेही सांगायला हवं.

त्यांच्यानंतर उमेदवारांची रांग लागली. बेकन, त्या काळचा नाटककार मार्लो, डर्बीचा अर्ल आणि आज सर्वांत जास्त पाठीराखे असलेला ऑक्सफर्डचा सतरावा अर्ल एडवर्ड डी व्हीअर. त्याचं नाव १९२० मध्ये जे. थॉमस लूनी या इंग्लिश शिक्षकानं पुढे केलं, आणि मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडसारख्या माणसालाही ते पटलं.

या सगळ्यांच्या तळाशी दोन समजुती आहेत. पहिली: इतकं ज्ञान खालच्या घरातल्या माणसाला असूच शकत नाही. दुसरी: लेखक आपलंच आयुष्य लिहितो, म्हणून नाटकातल्या राजपुत्रामागे खरा सरदार असणारच. पहिलीचं उत्तर त्याच काळात आहे. मार्लो हा चांभाराचा मुलगा. नाटककार बेन जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी होता आणि तरुणपणी जॉन्सननंही विटा रचल्या. त्यांच्या लेखनाबद्दल अशी शंका कोणी घेत नाही. शेक्सपिअरच्या गावातल्या शाळेत लॅटिन कसून शिकवलं जाई आणि नगरसेवकाच्या मुलाला ती शाळा खुली होती. आणि मराठी वाचकाला तर हे पटवावं लागू नये. नामदेव शिंपी होते, तुकोबा वाणी होते, चोखोबा गावकुसाबाहेर राहत होते. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींनी जात्यावर जे रचलं ते आपण शाळेत शिकतो. प्रतिभेला घराण्याचा दाखला मागणं आपल्या कानाला सहन होता कामा नये.

२. सातबारा आणि बेनामी

आता पुराव्याकडे. जमीन कोणाची हे ठरवताना आपण काय करतो? आधी सातबारा काढतो, मग फेरफार पाहतो, शेजारच्या बांधावरच्या माणसांना विचारतो. सातबाऱ्यावर एक नाव आहे आणि कोणी म्हणालं, "हे नाव नुसतं कागदावर आहे, जमीन खरी दुसऱ्याची," तर तो बेनामीचा आरोप झाला. बेनामी व्यवहार होतात, यात शंका नाही. पण आरोप करणाऱ्यानं काहीतरी दाखवावं लागतं: पैसा कुठून आला, कसत कोण होतं. 'हा माणूस इतक्या जमिनीचा मालक वाटत नाही' हा पुरावा धरला जात नाही.

शेक्सपिअरच्या सातबाऱ्यावर काय आहे ते पाहू. १५९३ आणि १५९४ मध्ये त्याच्या दोन दीर्घ कविता त्याच्या नावानं छापल्या गेल्या. छापणारा होता रिचर्ड फील्ड, मूळचा स्ट्रॅटफर्डचाच. या दोघांचे वडील एकमेकांना ओळखत होते. फील्डचे वडील वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेची मोजदाद करणाऱ्यांत शेक्सपिअरचे वडील होते. म्हणजे लंडनमध्ये गावचा मुलगा गावच्या मुलाचं पुस्तक छापत होता.

१५९८ मध्ये फ्रान्सिस मिअर्स या लेखकानं समकालीन कवींची नोंद केली. तीत शेक्सपिअरच्या नावावर बारा नाटकं आहेत. त्याच पुस्तकात चांगली सुखात्मिका लिहिणाऱ्यांच्या यादीत ऑक्सफर्डच्या अर्लचंही नाव आहे, शेक्सपिअरपेक्षा वेगळं. मिअर्सच्या लेखी ही दोन माणसं होती.

मग १६२३ चा मोठा ग्रंथ, ज्याला 'फर्स्ट फोलिओ' म्हणतात. त्यात ३६ नाटकं आहेत आणि त्यांतली १८ त्याआधी छापलीच गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'द टेम्पेस्ट' ही त्यांपैकीच. हा ग्रंथ सिद्ध केला जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या दोन नटांनी. हे दोघे शेक्सपिअरबरोबर वर्षानुवर्षं एकाच नाटक कंपनीत होते, आणि त्याच्या मृत्युपत्रात त्यांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी पैसे ठेवले आहेत. ग्रंथाच्या आरंभी बेन जॉन्सननं लिहिलेल्या कवितेत शेक्सपिअरचा संबंध एव्हन नदीशी जोडला आहे, जिच्या काठी स्ट्रॅटफर्ड आहे. दुसऱ्या एका कवितेत स्ट्रॅटफर्डमधल्या त्याच्या स्मारकाचा उल्लेख आहे. नाटकातला नट, मृत्युपत्रातला गृहस्थ आणि पुस्तकावरचा लेखक ही तिन्ही टोकं इथं एका गाठीत येतात. नाव उसनं घेतलेलं असतं, तर या दोन मित्रांना, जॉन्सनला, छापखान्याला आणि सगळ्या कंपनीला आयुष्यभर गप्प राहावं लागलं असतं. नाटकवाल्यांची दुनिया ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांनी हे शक्य आहे का ते सांगावं.

आणखी एक बारीक खूण मला फार आवडते. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या १५९९ च्या प्रतीत एका ठिकाणी पात्राऐवजी चक्क विल केम्प या विनोदी नटाचं नाव छापलं गेलं आहे. 'मच अडू अबाउट नथिंग'च्या १६०० च्या प्रतीतही केम्प आणि काउली या नटांची नावं त्यांच्या संवादांपुढे आहेत. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पात्र नव्हतं, नट उभा होता. कंपनीत राहून, कोणाच्या तोंडी काय शोभेल हे जाणून लिहिणाऱ्या माणसाची ही चूक आहे. दूरच्या वाड्यात बसलेल्या सरदाराकडून ती होणं कठीण.

३. दडवलेला निरोप

कागद नाहीत म्हटल्यावर काहींनी नाटकांच्या पोटातच निरोप शोधायला घेतला. त्याला एक खरं निमित्त होतं. बेकननं स्वतः एक गुप्त लिपी काढली होती. दोन तऱ्हेच्या खुणा घ्यायच्या, समजा सरळ अक्षर आणि किंचित तिरकं अक्षर, आणि पाच-पाचचे गट करायचे. दोन खुणा पाच जागी ३२ प्रकारे मांडता येतात. इंग्रजी वर्णमालेला तेवढं पुरतं. म्हणजे कोणताही निर्दोष मजकूर छापताना दोन प्रकारचे खिळे वापरले की आतून वेगळाच मजकूर पाठवता येईल. युक्ती अस्सल आहे. एलिझाबेथ वेल्स गॅलप या बाईंना 'फर्स्ट फोलिओ'त अशीच दोन तऱ्हेची अक्षरं दिसली आणि त्यांतून बेकनची आत्मकथा उलगडू लागली.

त्यांच्या मदतीला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका श्रीमंताच्या वसाहतीत काही तरुण मंडळी जमली. त्यांत विल्यम फ्रीडमन आणि एलिझेबेथ स्मिथ होते. तिथंच दोघांची ओळख झाली, मग लग्न झालं, आणि पुढे ती दोघं अमेरिकेची पहिल्या फळीची संकेतभेदी ठरली. दुसऱ्या महायुद्धाआधी जपानचा राजनैतिक संकेत उलगडणाऱ्या पथकाचे प्रमुख विल्यम फ्रीडमनच होते. चाळीस वर्षांनी, १९५७ मध्ये, या जोडप्यानं पुस्तक लिहून आपल्या पहिल्या कामाचा निकाल दिला: फोलिओत कोणताही संकेत नाही. त्या काळच्या छापखान्यात झिजलेले, नवे, जुने खिळे सरमिसळ वापरले जात. दोनच जाती तिथं नव्हत्याच.

त्यांनी घातलेली अट कोणालाही समजेल अशी आहे. एक वाक्य घ्या: 'काल शीला रात्री मटकी निवडत होती.' पहिल्या चार शब्दांची पहिली अक्षरं जुळवा: का, शी, रा, म. काशीराम! तर मग या वाक्याचा खरा लेखक काशीराम का? मी चौथ्या शब्दाला थांबलो, कारण मला तिथं नाव मिळालं. नाव मिळालं नसतं तर शेवटची अक्षरं घेतली असती, एकाआड एक शब्द घेतला असता. नियम आधी ठरवायचा, तो मध्येच वाकवायचा नाही, आणि दोन माणसांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून तोच निरोप काढला पाहिजे. या अटीवर बेकनवाद्यांचा एकही संकेत टिकला नाही.

४. १६०४ ची अडचण

ऑक्सफर्डच्या अर्लबाबत अडचण साधी आहे: तो जून १६०४ मध्ये वारला. 'मॅकबेथ'मध्ये दारावरचा रखवालदार दुटप्पी बोलून शपथेतून सुटणाऱ्यांची जी थट्टा करतो, तिचा संबंध १६०५ च्या संसद उडवून देण्याच्या कटाशी आणि १६०६ च्या खटल्याशी अभ्यासक लावतात. 'द टेम्पेस्ट'मधल्या वादळावर १६०९ मध्ये बर्म्युडाजवळ फुटलेल्या 'सी व्हेंचर' जहाजाच्या वृत्तान्तांची छाप दिसते, आणि ते वृत्तान्त लंडनला पोचले १६१० मध्ये. लूनीलाही हे बोचत असावं. 'द टेम्पेस्ट' हे शेक्सपिअरच्या नाटकांत मोजायचंच नाही, असा त्यानं तोडगा काढला. आपल्या उमेदवारासाठी इतकं सुंदर नाटक सोडून द्यावं लागत असेल, तर बदलायला हवा तो उमेदवार.

मार्लोचं प्रकरण तर आणखी लवकर मिटतं. तो मे १५९३ मध्ये डेप्टफर्डला भोसकला गेला, आणि त्याच्या मृत्यूच्या चौकशीचा कागद उपलब्ध आहे.

५. 'आणि' की 'व'?

आतापर्यंत आपण लेखनाबाहेरचे कागद पाहिले. लेखनाच्या आतून लेखक ओळखता येतो का? येतो, पण आपण समजतो त्या मार्गानं नाही. मोठे विचार, आवडत्या उपमा, ठसठशीत शब्द यांवरून ओळखू जावं तर फसायला होतं, कारण त्यांचीच नक्कल सगळे करतात. खूण सापडते ती लेखकाचं स्वतःचंही लक्ष नसलेल्या बारक्या शब्दांत. चालण्याची ढब असते ना, तशी. दुरून तोंड दिसत नसलं तरी चालीवरून आपण घरचा माणूस ओळखतो.

समजा, घरात जुन्या पत्रांची पेटी आहे. आत्याच्या पत्रांत हजार शब्दांमागे 'आणि' वीस वेळा येतं, 'व' दोनदा. काकांच्या पत्रांत 'आणि' सहा वेळा, 'व' पंधरा वेळा. आता दोन हजार शब्दांचं एक निनावी पत्र मिळालं. त्यात 'आणि' ३८ वेळा आहे, 'व' ५ वेळा. हजारामागे झाले १९ आणि अडीच. पत्र आत्याचं. विषय शेतीचा असो की बारशाचा, ही खोड फारशी बदलत नाही.

याच रीतीनं एक प्रसिद्ध कोडं सुटलं. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावानं ८५ निबंध आले. लेखक तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे. पुढे बारा निबंधांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांचाही दावा उभा राहिला. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी बारके शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजारामागे सुमारे तीनदा वापरी. मॅडिसनच्या लेखनात तो पाच-सहा हजार शब्दांत एखाददुसरा. असे अनेक शब्द एकत्र तोलल्यावर बाराही निबंध मॅडिसनच्या पारड्यात गेले.

शेक्सपिअरच्या नाटकांवर अशी मोजणी त्याच्याही शंभर वर्षं आधी सुरू झाली होती. जेम्स स्पेडिंग यांनी १८५० मध्ये 'हेन्री द एट्थ' हे नाटक तपासलं. इंग्रजी नाट्यपद्याची ओळ साधारण दहा अवयवांची असते. कधी शेवटी एक हलका अकरावा अवयव लोंबतो. काही प्रवेशांत अशा ओळी निम्म्याहून जास्त, तर काहींत सुमारे एक तृतीयांश. पहिली चाल जॉन फ्लेचर या नाटककाराची होती, दुसरी शेक्सपिअरची. नंतरच्या अभ्यासकांनी फ्लेचरच्या आणखी खोडी मोजल्या: 'यू'ऐवजी 'यी', 'देम'ऐवजी तोडलेलं 'एम'. वाटणी बरीचशी तशीच आली. आणि हेही लक्षात ठेवावं की स्पेडिंग यांचं आयुष्य बेकनचं समग्र लेखन संपादित करण्यात गेलं. बेकनची वाक्यरचना त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? बेकननं ही नाटकं लिहिली हे म्हणणं त्यांनी साफ नाकारलं.

६. मोजूनही चुकतं

आकडे आले की आपण लगेच मान तुकवतो, म्हणून दोन चुका सांगतो.

१९०१ मध्ये मेंडेनहॉल या अमेरिकी शास्त्रज्ञानं शब्दांची लांबी मोजवून घेतली. शेक्सपिअरच्या लेखनात चार अक्षरी शब्द सर्वाधिक निघाले, बेकनच्या लेखनात तीन अक्षरी. बेकन बाद! पण मार्लोचा आलेख शेक्सपिअरशी तंतोतंत जुळला. मार्लोवादी आजही तो दाखवतात. चूक तुलनेतच होती. बेकनचं घेतलं होतं गद्य, शेक्सपिअर आणि मार्लोचं पद्य. एकाच लेखकाचं गद्य आणि पद्य मोजलं तरी असाच फरक पडतो, हे पुढे दाखवून दिलं गेलं. ज्वारीचं माप ज्वारीशीच लावायला हवं.

दुसरी चूक शेक्सपिअरच्या बाजूच्या माणसाची. १६१२ मधल्या, 'डब्ल्यू. एस.' एवढीच सही असलेल्या एका शोककाव्याचा कर्ता शेक्सपिअर आहे, असं डोनाल्ड फॉस्टर या प्राध्यापकांनी संगणकाच्या साह्यानं मांडलं. ते इतकं मानलं गेलं की काही अमेरिकी समग्र आवृत्त्यांत ती कविता आली. २००२ मध्ये ती जॉन फोर्डची असल्याचं दाखवलं गेलं आणि फॉस्टर यांनी आपली चूक जाहीर मान्य केली. ज्या उमेदवारांशी तुलना करायची, त्यांत खरा लेखक पुरेसा तपासलाच नव्हता. ओळखपरेडमध्ये गुन्हेगार उभाच नसेल तर साक्षीदार कोणाकडे तरी बोट दाखवणारच.

७. एका नाटकाला दोन हात

आता त्या दुसऱ्या विधानाकडे. त्या काळी नाटक ही कंपनीची गरज होती. सतत नवं काही लागे, म्हणून दोघा-तिघांत मिळून लिहिणं ही रोजची रीत होती. आपल्या चित्रपटांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही, तसंच.

'टायटस अँड्रॉनिकस'मध्ये जॉर्ज पीलचा हात आहे, 'टायमन ऑफ अथेन्स'मध्ये मिडलटनचा, 'पेरिक्लीस'मध्ये विल्किन्सचा. 'द टू नोबल किन्समेन' १६३४ मध्ये छापलं गेलं तेच फ्लेचर आणि शेक्सपिअर अशा दोन नावांनी. २०१६ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीनं 'हेन्री द सिक्स्थ'च्या तीन भागांवर मार्लोचं नाव सहलेखक म्हणून छापलं. ज्या मार्लोला शेक्सपिअरच्या जागी बसवायला निघाले होते, तो असा त्याच्या शेजारी येऊन बसला.

आणि एक हस्तलिखित. ब्रिटिश लायब्ररीत 'सर थॉमस मोर' नावाच्या नाटकाची वही आहे. तिच्यात अनेक जणांची हस्ताक्षरं आहेत. त्यांतल्या एका हाताला अभ्यासक नुसतं 'ड' म्हणतात. जेमतेम तीन पानं. परदेशातून आश्रयाला आलेल्यांना हाकलून द्या म्हणणाऱ्या जमावाला मोर समजावतो, तो प्रवेश. 'सायलेन्स' या शब्दाचं स्पेलिंग या पानांत एका विलक्षण पद्धतीनं, 'एस'नंतर 'सी' घालून केलं आहे. १६०० मध्ये छापलेल्या 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागात सायलेन्स नावाच्या न्यायाधीशाचं नावही तसंच आलं आहे. त्या काळच्या लेखनात हे रूप अतिशय दुर्मीळ. हस्ताक्षर, शब्द आणि विचारांची वळणं हे सगळं एकत्र धरून आज बहुतेक अभ्यासक तीन पानांचा हा हात शेक्सपिअरचा मानतात. त्यांत खोडाखोड आहे, आणि दुसऱ्याच कोणी तरी त्यातल्या काही ओळी कापून जागा जुळवून घेतली आहे. त्याच्या हातचं असं जे काही उरलं आहे म्हणतात, ते दुसऱ्यांच्या नाटकाला हातभार लावताना लिहिलेलं आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

८. ज्ञानदेव एक की दोन?

लेखक कोण, हा वाद आपल्याकडेही झाला. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणलं आणि १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढलं. त्यांच्या निधनानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, याच 'सुधारक'मधून 'भारद्वाज' या नावानं शिवराम एकनाथ भारदे यांनी महाराष्ट्राला हलवणारा प्रश्न टाकला: 'ज्ञानेश्वरी' लिहिणारे आणि अभंग लिहिणारे ज्ञानदेव एकच का? 'ज्ञानेश्वरी'त नाथपंथाची परंपरा आहे पण विठ्ठलाचं नाव घेऊन भक्ती नाही. अभंगांत विठ्ठलच विठ्ठल. 'ज्ञानेश्वरी'ची भाषा जुनी, अभंगांची अलीकडची. वारकऱ्यांना हे लागलं, उत्तरं दिली गेली, वाद बराच चालला.

आतापर्यंतच्या कसोट्या इथं लावून पाहा. पहिली, ज्वारीचं माप ज्वारीशी: 'ज्ञानेश्वरी' हे गीतेवरचं भाष्य आहे, अभंग गाण्यासाठी आहेत. भाष्यकार गीतेच्या मागे जातो. तिथं विठ्ठल नाही म्हणून मनात नव्हता असं ठरत नाही. दुसरी, भाषेची. 'ज्ञानेश्वरी' लिहून ठेवली गेली, शके १२१२ मध्ये. तरीही पाठ बिघडले म्हणून एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करावी लागली, आणि यापुढे कोणी आपली ओवी तीत घालू नये असं त्यांनी बजावलं. अभंगांना असा राखणदार मिळाला नाही. ते शतकानुशतकं टाळांच्या गजरात तोंडातून तोंडात गेले. गाणारा मोठे शब्द जपतो आणि 'तें', 'जैसें', 'आणिक' हे बारके शब्द नकळत आपल्या काळाचे करून टाकतो. म्हणजे लेखक ओळखायची जी नेमकी खूण, तीच सगळ्यांत आधी पुसली जाते. अभंगांची भाषा अलीकडची आहे यावरून गाणारे अलीकडचे होते एवढं सिद्ध होतं.

म्हणून ज्ञानदेव एकच होते असं मानणाऱ्यांच्या बाजूला मी आहे. पण गाथेतला प्रत्येक अभंग त्यांचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटच्या चरणात नाव आलं म्हणजे सही झाली, असं आपण धरतो. ते नाव पुढचा कवी भक्तीनंही घालू शकतो. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या वेगळ्या कवीच्या रचना मिसळल्या गेल्या त्या नावाच्या सारखेपणामुळेच. त्या वेगळ्या काढायला अभ्यासकांना मेहनत करावी लागली, आणि तसं केल्यानं नामदेव तसूभरही लहान झाले नाहीत.

उरलेलं काम मठांत आणि जुन्या घरांत पडून असलेल्या भजनाच्या वह्यांत आहे. ज्या वहीवर शक घातलेला आहे ती आधी घ्यायची. तीत ज्ञानदेवांच्या नावाचे किती अभंग आहेत ते मोजायचे, मग तिच्याहून पन्नास वर्षं जुनी वही शोधायची आणि पुन्हा मोजायचे. कोणता अभंग कोणत्या वहीत पहिल्यांदा दिसतो याची यादी हळूहळू तयार होते. कसरीनं खाल्लेली पानं भिंगाखाली धरून, एकेक ओळ उतरवून घेत हे करायचं असतं, आणि अशी एखादी वही तुमच्या आजोळच्या माळ्यावरही असू शकते.